सासूबाईंच्या खोलीतलं इंजिन ऑइल

मी इंजिन ऑइल बोलतोय. गाडीच्या इंजिनात ओततात ते तेल. नाक मुरडू नका, मला वास फारसा नाही, आणि जो आहे त्याबद्दल सासूबाईंनी दोन वर्षांत एकदाही तक्रार केली नाही. हो, मी दोन वर्षं एका सासूबाईंच्या खोलीत राहिलो. असं भाग्य आमच्यात सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही, आणि येऊही नये असं माझं मत आहे.

जन्माचं फार काही सांगण्यासारखं नाही. जमिनीच्या पोटातून उपसलं, कारखान्यात तापवलं, गाळलं आणि निळ्या डब्यात भरून झाकणाला सील ठोकलं. डब्यावर छापलं होतं, 'थंड व कोरड्या जागी ठेवावे. ऊन लागू देऊ नये. न उघडल्यास पाच वर्षे टिकते.' हे शेवटचं वाक्य ज्यानं छापलं तो मला हात नाहीत म्हणून वाचला.

मला विकत घेणारे गृहस्थ शीतगृहात कामाला होते. लोणी, बियाणं, औषधं, काहीही नासू न देणं हाच त्यांचा धंदा. सासूबाई त्यांना जावईबापू म्हणायच्या, म्हणून मीही तेच म्हणतो. शीतगृहाचे दोन नियम ऐकवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. पहिला, जे आधी आलं ते आधी संपवायचं. दुसरा, खोकं फुटलं की ते मात्र त्याच दिवशी बाहेर काढायचं. बायको भाजी वाढता वाढता मान डोलवायची. सासूबाई कानाला कमी ऐकू येतं असं दाखवायच्या.

मला घरात आणलं त्या दिवशी मी खुशीत होतो. गाडी दारातच उभी होती. जुनी, राखाडी, एका डोळ्यानं मिचमिची. मला वाटलं, चार दिवसांत आपण तिच्या पोटात. पण जावईबापूंनी इंजिनातलं तेल मोजायची दांडी बाहेर काढली, पुसली, परत बुडवली आणि टोकाकडे बघून म्हणाले, "आतलं अजून आहे की. ते आधीचं. ते संपू दे, मग हे."

आता इंजिनातलं तेल संपत नसतं हो. ते काळं पडतं, जाड होतं, कामातून जातं, पण आहे तिथेच असतं. हे मेकॅनिकनं त्यांना समजावलं, बायकोनं समजावलं. जावईबापूंनी दोघांनाही पहिला नियम सांगितला.

मग मला ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. स्वयंपाकघर गरम, न्हाणीघर ओलं, गॅलरीत ऊन. घरात सगळ्यात थंड आणि कोरडी खोली एकच, सासूबाईंची. त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर औषधं आणि चष्मा असायचा. ते सगळं खिडकीत गेलं आणि स्टुलावर मी बसलो.

तिथून माझे लाड सुरू झाले. शीतगृहातून आणलेला तापमापक माझ्या डोक्याशी टांगला गेला. दुपारी माझ्यावर उन्हाची तिरीप येते म्हणून खिडकीला जाड पडदा लागला. खोलीतला पंखा वर्षभर बंद होता, तो माझ्यासाठी दुरुस्त झाला. सासूबाई लेकीला म्हणाल्या, "तेलाच्या पुण्याईनं वारा मिळाला बाई." त्या घरात जावई एकच होता, पण थाट सगळा माझा होता.

थंडी पडली तेव्हा जावईबापूंनी सासूबाईंची शाल उचलून माझ्या अंगावर घातली.

"जावईबापू, थंडी मलाही वाजते," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगू तरी शकता, आई. तो डबा सांगू शकत नाही."

लाजेनं मी त्या शालीत नुसता घट्ट झालो.

सासूबाईंना एक थोरली बहीण होती, अक्का. ती लांबच्या गावी राहायची, गाडीनं सहा तासांवर. दोघींचं फोनवर बोलणं व्हायचं, आणि अक्काला खरोखरच कमी ऐकू येत असल्यामुळे ते गल्लीलाही कळायचं. अक्काची नजर अधू होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता आहे तेवढीही फार दिवस राहणार नाही. "एकदा येऊन जा गं," अक्का म्हणायची. "तुझं तोंड बघायचंय. नंतर नुसता आवाजच ऐकायचाय, तो काय फोनवरही येतो."

बसची पायरी सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. गाडी हवी होती. बायकोनं जावईबापूंना सोबत घेऊन गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं दांडी बघितली आणि हात जोडले. "साहेब, हे तेल नाही, डांबर आहे. गावात फिरवा, पण एवढ्या लांब नेलीत तर इंजिन जाम होईल. बदला आणि खुशाल जा."

"तेल घरात आहे," जावईबापू म्हणाले. "आधीचं संपलं की लगेच बदलतो."

त्या संध्याकाळी सासूबाई माझ्याकडे तोंड करून झोपल्या. झोपल्या कसल्या, बघत पडल्या. मग म्हणाल्या, "तुझं बरं आहे बाबा. तुझ्यावर छापून तरी आलंय किती दिवस ते. अक्काच्या डोळ्यांवर कुणी छापलेलं नाही."

मला रडू आलं असतं, पण मी आधीच पातळ. आणि सील घट्ट होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या एका उद्योगाला लागल्या. बोटांत ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी त्यांना रबरी चेंडू दाबायला दिला होता. चेंडू त्यांनी उशीखाली टाकला आणि माझं झाकण पिळायला घेतलं. घरात कुणी नसलं की पदर गुंडाळायचा, दात नसलेलं तोंड आवळायचं आणि पिळायचं. मी आतून जमेल तेवढा जोर लावत होतो. तेलाला जोर लावता येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी लावत होतो. कितीतरी दुपारी अशा गेल्या. शेवटी एका दुपारी कट्‌ असा आवाज झाला आणि मला पहिल्यांदा हवा लागली. सासूबाई घामाघूम झाल्या होत्या. त्यांनी मला थोपटलं आणि पुन्हा कानाला ऐकू न येणाऱ्या बाई होऊन बसल्या.

जावईबापू संध्याकाळी तापमापक बघायला आले आणि जागीच खिळले.

"आई, हे सील कुणी फोडलं?"

"मी. गुडघ्याला चोळायला म्हटलं थोडं घ्यावं."

"अहो, हे इंजिनाचं तेल आहे!"

"मला काय कळतंय त्यातलं? तेल ते तेल. दोन वर्षं उशाशी ठेवलंत, मला वाटलं माझ्याचसाठी असेल."

जावईबापूंचा चेहरा उतरला. आता त्यांच्या डोक्यात दोन नियमांची झुंज लागली. आधीचं आधी, हे खरं. पण खोकं फुटलं होतं. हवा लागली होती, ओल शिरायला वाट मिळाली होती. ते खोलीत येरझाऱ्या घालत पुटपुटत राहिले. सासूबाई आणि मी श्वास रोखून होतो. मग त्यांनी मला उराशी कवटाळलं आणि बायकोला हाक मारली, "गाडीची किल्ली आण. हे आजच्या आज गेलं पाहिजे."

मेकॅनिकनं जुनं तेल काढून भांड्यात घेतलं. जावईबापू त्या काळ्या तेलाकडे बघून हळहळले, "बरंच शिल्लक होतं." मग फिल्टर बदलला, आणि मी ओतला गेलो. ते सुख मला शब्दांत सांगता येणार नाही. गार खोलीत, शालीखाली, पंख्याच्या वाऱ्यात मी दोन वर्षं टिकलो होतो. कामाला आत्ता आलो.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. सहा तास मी नुसता धावत होतो, भाजत होतो आणि मजेत होतो. अक्काच्या दारात गाडी थांबली, तसं जावईबापूंनी आधी बॉनेट उघडून दांडी तपासली. त्यामुळे मला सगळं दिसलं.

अक्का उंबऱ्यात उभी होती. सासूबाई काठी टेकत तिच्या पुढ्यात गेल्या. अक्कानं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग तिनं बोटांनी नाक, गाल, हनुवटी चाचपायला सुरुवात केली.

"कडेकडेनं दिसतेस गं," ती म्हणाली. "मधलं गेलं. एवढा उशीर का केलास?"

सासूबाईंनी एकदा जावईबापूंकडे बघितलं. ते दांडी हातात घेऊन उभे होते.

"तेल संपत नव्हतं," त्या म्हणाल्या.

जावईबापूंनी दांडी जागेवर ठेवली आणि बॉनेट हळूच लावलं. परतीच्या वाटेवर ते नियमांविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

आता मीही काळा पडत चाललोय. मला त्याचं दुःख नाही. सासूबाईंच्या स्टुलावर नवा डबा येऊन बसलाय असं ऐकतो, आणि त्याच्याही डोक्याशी तापमापक आहे म्हणे. तेवढं एक जावईबापूंना कुणीतरी सांगा, की माझी वेळ झाली की मला काढून टाका, मी संपायची वाट बघू नका. त्यांनी नाहीच ऐकलं तर काळजी नको. सासूबाई रोज दुपारी चेंडू दाबतात.