उतारावर सुटणारी जीप

रस्त्यात लोखंडी फाटक आडवं होतं आणि त्यावर पाटी: पुढचा पूल वाहून गेला आहे. डेल्मरनं ब्रेक दाबला. पस्तीस फुटी मोटरहोम उतारावर कसंबसं थांबलं आणि मागे जोडलेली जीप त्याच्यावर रेलली.

"झालं समाधान?" तो बायकोला म्हणाला. "सकाळी तुझी माळ संपायची वाट बघत बसलो नसतो, तर उशीर भरून काढायला या आडमार्गाला लागलोच नसतो."

लोर्नानं पाटी पुन्हा वाचली. नेब्रास्कातलं घर विकून दोघं या फिरत्या घरात राहायला आली, त्याला अकरा वर्षं झाली. सकाळी रोझरीची माळ जपल्याशिवाय चाक फिरवायचं नाही, हा तिचा तेव्हापासूनचा नेम. आज बुधवार, तिच्या उपासाचा दिवस, म्हणजे पोटात नुसता पाव आणि पाणी. भांडायला अंगात जोरही नव्हता.

असं सगळं मागे घ्यायची सोय नव्हती. चारही चाकांवर ओढत आणलेली जीप मागे रेटली की तिची पुढची चाकं वाकडी वळतात आणि जोडदांडा मोडतो. आधी जीप सोडवायची, मग दोन्ही गाड्या वेगवेगळ्या वर न्यायच्या, एवढाच मार्ग होता.

सोडवताना त्यांची एक रीत होती. लोर्नानं कार्डावरची यादी मोठ्यानं वाचायची आणि डेल्मरनं एकेका ओळीला उत्तर द्यायचं. तिनं स्वेटरच्या खिशातून कार्ड काढलं.

"आज ते नको," तो म्हणाला. "सत्तरी उलटली म्हणून मी काही कुक्कुलं बाळ झालेलो नाही."

जीपमध्ये डोकावून त्यानं गिअर पार्कमध्ये टाकला आणि हातोडा आणला. ठोकाठोकीचा आवाज सोसत नाही म्हणून कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि दोन गाड्यांच्या मधे उकिडवा बसला. जोडदांड्याची पहिली खीळ चटकन निघाली. दुसरीवर जीपचा सगळा भार आला होता, ती हलेना. ठण्. ठण्.

सवयीनं लोर्ना जीपच्या खिडकीशी गेली आणि मनातल्या मनात यादी म्हणू लागली. गिअर, पार्क. हँडब्रेक, खालीच, ओढलेला नाही. छोटा दांडा...

तिनं आत वाकून पाहिलं. ओढून न्यायची म्हणून गिअरशेजारचा हा छोटा दांडा न्यूट्रलला ठेवला होता, तो तसाच होता. तो तिथे असला की चाकांचा गिअरशी संबंधच उरत नाही. पार्क नुसतं नावाला. दोन टनांची जीप आता फक्त त्या एका खिळीवर टेकलेली होती, आणि तीच डेल्मर ठोकून काढत होता.

"डेल्मर, थांब!"

त्याला ऐकू गेलं नाही. ठण्.

खीळ अर्धी बाहेर आली होती. त्याच्यापर्यंत पोचायला वेळ नव्हता. लोर्नानं दार ओढलं, बदललेल्या गुडघ्याची पर्वा न करता आत चढली आणि दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. इंजिन बंद, पेडल दगडासारखं. माते, सांभाळ.

ठण्!

जीप चार बोटं पुढे सरकली आणि थांबली. काचेतून डेल्मरची टोपी दिसेना. लोर्नानं पेडल आणखी रेटलं.

मग टोपी हळूहळू वर आली. त्याच्या हातात खीळ होती आणि जीपचा बंपर त्याच्या मांडीला टेकला होता. त्यानं बंपरकडे पाहिलं, मग काचेआडच्या बायकोकडे. अंग चोरून तो बाजूला सरकला आणि खिडकीत डोकं घालून उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"पाय काढू नकोस," तो म्हणाला.

"नाही काढत." मग तिनं त्याच्या कानाशी मोठ्यानं यादी सुरू केली. "हँडब्रेक?"

त्यानं आत वाकून दोन्ही हातांनी तो वर खेचला. "ओढला."

"चाकाखाली ठोकळे?"

तो धावत गेला, धावत आला. "लावले."

"छोटा दांडा?"

दांडा अडून बसला होता. त्यानं तीनदा हिसका दिला, तेव्हा कुठे खट् झालं. "न्यूट्रलमधून काढला, चारही चाकांवर टाकला."

"गिअर?"

"पार्क. या वेळी खरोखरचा. काढ आता पाय."

"आणखी एक ओळ आहे. कानातलं?"

"ती यादीत कुठे आहे?"

"आजपासून आहे."

डेल्मरनं खिसा चाचपला आणि यंत्र कानात बसवलं. "घातलं."

मग लोर्नानं आधी एक पाय उचलला, मग दुसरा. जीप जागची हलली नाही.