सातवी फेरी

उजव्या खिशात सहा, डाव्या खिशात तीन. भाजलेल्या, खारवलेल्या मक्याचे दाणे. नोएमीने मांडीवर रुमाल पसरला, त्यावर ते दोन रांगांत मांडले आणि पुन्हा मोजले. नऊ.

सकाळी घरातून निघताना तिने आईच्या तव्यावरून दहा उचलले होते, एकेक, मोठ्याने आकडा म्हणत. तिने दोन्ही खिसे उलटे केले. भोक नव्हतं. बसच्या फळीवर, बुटांच्या मागे, सीटच्या फटीत पाहिलं. शेजारच्या बाईंनी कोंबडीची टोपली उचलून खाली पाहू दिलं, "अंगठी पडली का गं पोरी?" असंही विचारलं. नोएमी नाही म्हणाली. मग तिने सहज जीभ दाढांवरून फिरवली. डावीकडे, मागून दुसऱ्या दाढेत, मक्याचं पातळ टरफल अडकलेलं होतं.

तिने ते जिभेने सोडवून रुमालावर, दाण्यांच्या शेजारी ठेवलं.

दाण्यांची ही रीत कोंदोरी सरांची. आरेकिपा शहरात हवाई दलाच्या प्रवेशाची तयारी करून घेणारा त्यांचा क्लास सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होता, आणि खालच्या हातोड्यांच्या तालावर सर त्रिकोणमिती शिकवत. धावण्याच्या परीक्षेत वीस-वीस जणी एकदम सुटतात, प्रत्येकीच्या फेऱ्या तिची जोडीदारीण मोजते आणि शेवटी दोघी कागदावर सही करतात. दोन हजार चारशे मीटर, म्हणजे सहा फेऱ्या, बारा मिनिटांच्या आत. "डोक्याने मोजू नका," सर म्हणायचे. "डोकं ओरडण्यात गुंततं. डाव्या खिशातून दाणा काढायचा, उजव्यात टाकायचा. उजव्यात सहा झाले की संपलं." कुणी तरी विचारलं, "सर, खडे का नकोत?" सर म्हणाले, "खडे शोधत कोण बसणार? मका काय, प्रत्येकाच्या घरी असतोच." खड्यांचा एकच मोठा गुण सरांच्या लक्षात आला नाही. खडे खाता येत नाहीत.

आणि खिशात मका असला की इथल्या कुठल्याही माणसाचा हात आपोआप तोंडाकडे जातो. नोएमीचा तर तिसरीपासून जायचा.

त्या सकाळी पहिल्या तुकडीत नोएमी धावली होती. तिची जोडीदारीण येनी आपासा हिने तिच्या फेऱ्या मोजल्या, सहाव्या वेळी "झालं गं, थांब!" म्हणून किंचाळली आणि मग सगळे दाणे एकदम तोंडात टाकले. अकरा मिनिटं एकतीस सेकंद. दुसऱ्या तुकडीत येनी धावली. चौथ्या फेरीपर्यंत सगळं ठीक होतं. सहाव्यांदा येनी समोरून गेली तेव्हा तिचा चेहरा विटेसारखा लाल होता. ती ओरडली, "झाल्या ना?"

नोएमीने खिसा चाचपला. पाच.

"अजून एक!"

"काय? ही शेवटची नव्हती?"

"नाही गं, पळ! पळ!"

आणि येनी पळाली. सातवी फेरी संपवून ती रेषेपलीकडे गुडघ्यांवर बसली, तेव्हा घड्याळात तेरा मिनिटं एकोणपन्नास सेकंद होते. दोघींनी सही केली. येनीने कागदाकडे पाहिलंही नाही.

बसमध्ये नोएमीने हिशेब केला. आठशे एकोणतीस सेकंद भागिले सात, गुणिले सहा. अकरा मिनिटं पन्नास सेकंद आणि वर थोडंसं. शेवटची फेरी सर्वांत संथ झाली असणार, म्हणजे खरी वेळ याहूनही चांगली. येनी पास होती. दहा सेकंद हातात ठेवून पास होती.

दक्षिण विभागातून वैमानिक शाखेत मुलींच्या दोन जागा होत्या. लेखी परीक्षेत ताक्ना शहरातली एक मुलगी पहिली, येनी दुसरी, नोएमी तिसरी. दुसरी आणि तिसरी यांच्यात एक पूर्णांक चार दशांश गुणांचं अंतर होतं.

आपल्या थांब्यावर नोएमी उतरली. परत फिरणारी बस समोर उभी होती. मैदानावर जायला पाऊण तास लागला असता, आणि परीक्षा घेणाऱ्या लेफ्टनंट बाई पाच वाजेपर्यंत तिथे असणार होत्या. नोएमीने बसच्या दारापर्यंत जाऊन पाटी वाचली. मग ती घरी गेली. उद्या जाऊ, तिने ठरवलं. आधी नीट खात्री करायला हवी.

खात्री कसली करायची होती, ते तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती मैदानाच्या कुंपणापर्यंत गेली आणि दरवाजा बंद असल्याचं पाहून तिला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी रविवार होता. चौथ्या दिवशी तिने स्वतःला समजावलं की तोंडी मुलाखतीत येनीच वर राहील, तिथे सगळं आपोआप सरळ होईल. पाचव्या दिवशी कळलं की धावण्यात नापास झालेल्यांना मुलाखतीला बोलावतच नाहीत. हे तिला पहिल्या दिवशीही माहीत होतं.

दहाव्या दिवशी यादी लागली. नोएमी चोकेवांका, क्रमांक दोन. आईने शिलाईयंत्र थांबवलं आणि तशीच, मापाची टेप गळ्यात घेऊन, गल्लीत गेली. "माझी पोरगी विमान चालवणार!" समोरचा चांभार म्हणाला, "मग सेन्योरा, आमच्या छपरावरून जरा वरूनच न्यायला सांगा, पत्रे सैल आहेत." सगळे हसले. नोएमीही हसली. संध्याकाळी आईने आख्खा ससा तळला, मामा आला, मामाने दंडाला हात लावून "एवढ्याशा हातांनी काय गं धरणार ते दांडकं?" म्हणून चिडवलं, आणि नोएमीने आपल्या ताटातला तुकडा त्याच्या ताटात सरकवला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"दमले."

"दमणारच. लिमाला प्रशिक्षणाला गेलीस की कोण लाड करणार आहे? खा."

नोएमीला सगळ्यात जास्त त्रास हरवलेल्या दाण्याचा होत नव्हता. दाणा चुकून खाल्ला, ही चूक होती; चूक सांगता येते. त्रास होता त्या एका क्षणाचा, जेव्हा येनीने "झाल्या ना?" म्हणून विचारलं होतं. कारण तेव्हा नोएमीचं डोकं, सरांनी सांगूनही, मोजत होतं. डोक्यात सहा झाले होते. खिशात पाच. दोन मापांत फरक पडला तर काय करायचं, हे तिला शाळेपासून पाठ होतं: दोन्ही नोंदवायची, थांबायचं, पुन्हा तपासायचं. तिने यातलं काहीच केलं नाही. तिने खिशाचं ऐकलं. खिसा अधिक भरवशाचा म्हणून, की त्याचं उत्तर अधिक सोयीचं म्हणून? त्या क्षणाकडे ती पुन्हा पुन्हा परत जाई, आणि दर वेळी तिला वेगळं उत्तर मिळे.

एकोणिसाव्या दिवशी आईने तिला बाजारातून बटण आणायला पाठवलं. फळांचा रस विकणाऱ्यांच्या रांगेत, स्वतःच्या मावशीच्या गाळ्यावर, हिरवा एप्रन घालून येनी उभी होती.

"या या, कॅप्टन!" ती लांबूनच ओरडली. "मावशी, बघ कोण आलंय. आत्ताच सही घेऊन ठेव, नंतर ओळख देणार नाही ही." तिने विचारलंही नाही, पपई आणि संत्रं कापायला घेतलं. "बस ना. अशी काय उभी आहेस, परेडला असल्यासारखी? तिकडे उभंच राहायचंय तुला."

नोएमी उंच स्टुलावर बसली. "तू धावतेस का अजून?"

"कुठे धावू? इथून बर्फाच्या पेटीपर्यंत, पेटीपासून इथे. सकाळी पाचला गाळा उघडते." येनीने मिक्सर बंद केला, ग्लास भरला. "पुढच्या वर्षी वय निघून जातं माझं. माहितीये ना? मेमध्ये वाढदिवस. असो. मावशी म्हणते गाळा तुझ्याच नावावर करीन. पी गं, फेस बसला की मजा नाही."

नोएमीने रस घटाघटा प्यायला, कारण तोंड कशात तरी गुंतवायला हवं होतं. ग्लास रिकामा होताच येनीने मिक्सरच्या भांड्यात उरलेलं त्यात ओतलं. अर्धा ग्लास भरला.

"घे, यापा. याचे पैसे नाहीत. हवाई दलाला दोनदा यापा, मावशी नाही म्हणणार नाही."

"येनी, तू सात फेऱ्या धावलीस."

"काय?"

"परीक्षेत. सहा नाही. सात. मी एक दाणा खाल्ला. उजव्या खिशातला. मला कळलं नाही. बसमध्ये मोजले तेव्हा कळलं."

शेजारच्या गाळ्यावर कुणी तरी अननस तासत होतं. येनी भांडं हातात धरून उभी राहिली. तळाशी उरलेला रस ओघळून तिच्या मनगटावर आला तरी तिने पुसला नाही.

"कुठल्या बसमध्ये?"

"त्याच दिवशी. घरी जाताना."

"म्हणजे मला यापा दिलीस," येनी म्हणाली. ती हसायला लागली, पण हसू अर्ध्यातच थांबलं. "एक फेरी. फुकट."

"येनी—"

"मी विचारलं होतं तुला. समोरून जाताना विचारलं होतं. तुझ्या मनात किती होत्या?"

नोएमीला खोटं बोलता आलं असतं. मनातलं कोण तपासणार?

"सहा."

येनीने मिक्सर चालू केला. भांडं रिकामं होतं. पाती नुसतीच घरघरत राहिली. मावशीने वळून पाहिलं. बऱ्याच वेळाने येनीने बटण दाबलं.

"एकोणीस दिवस," ती म्हणाली. "एकोणीस दिवस मी झोपताना विचार करते की माझ्या फुप्फुसांना काय झालं. मी धावायचं सोडलं नोएमी. आजारी आहे असं वाटलं म्हणून सोडलं. आता मला काय सांगत बसलीस? जा. जिथे सांगायला हवं तिथे सांग."

नोएमी उठली. बटण घ्यायचं राहून गेलं.

त्याच दिवशी, मैदानाजवळच्या कार्यालयात, लेफ्टनंट बुस्तिन्सा यांनी तिचं म्हणणं उभ्यानेच ऐकायला सुरुवात केली आणि अर्ध्यात खुर्ची ओढून घेतली. बाई दिसायला तरुण होत्या, आवाज मात्र जुन्या मास्तरणीचा.

"मका," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"अकरा वर्षं मी या परीक्षा घेते. चक्कर येते, बूट फाटतो, एकीला मध्येच कुत्रं चावलं. मका पहिल्यांदाच." त्या हसल्या नाहीत. "मोजणारीने मुद्दाम चूक केली तर तिला कायमचं बाद करतात. माहीत आहे?"

"हो मॅडम."

"मुद्दाम होतं?"

"माहीत नाही."

"'माहीत नाही' असा रकाना नाही माझ्याकडे. हो किंवा नाही."

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक पूर्ण फेरी करून गेला. "दाणा खाल्ला तो मुद्दाम नाही," ती म्हणाली. "सांगितलं नाही ते मुद्दाम."

लेफ्टनंटनी पेन टेबलावर आपटलं. त्यांनी लिमाला फोन लावला, दोन वेळा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून बराच वेळ बोलल्या. मग वळल्या.

"चूक अनवधानाने, असं मी लिहिते. उशिराबद्दल ताकीद मिळेल, ती तुझ्या कागदात कायम राहील. यादी परवा लिमाला जाते, म्हणून त्या मुलीची धाव उद्या सकाळी सातला. बारा मिनिटांच्या आत आली तर तिची मुलाखत तिथेच उरकू; जागा तिची आणि तू घरी. नाही आली तर यादी आहे तशी. पटलं?"

"मॅडम, तिने एकोणीस दिवस सराव नाही केला. आठवडाभर दिला तर—"

"हे एकोणीस दिवस मी घेतले का?"



सकाळी मैदानावर गारठा होता. येनी मावशीच्या छोट्या टेम्पोतून आली. तिने नोएमीकडे पाहून मान हलवली, एवढंच. बूट तेच होते, नाड्या नव्या. लेफ्टनंटनी या वेळी मोजायला दोन शिपाई उभे केले, एकाच्या हातात फळा, दुसऱ्याच्या हातात घंटा. नोएमीला कुंपणाबाहेर थांबायला सांगितलं होतं, आणि तोंडातून एक शब्द न काढायला.

येनी पहिल्या दोन फेऱ्या फार जोरात धावली. नोएमीला ते दिसत होतं. 'हळू, श्वास राख,' असं ओरडावंसं तिला वाटलं, पण तिने लोखंडी जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. चौथ्या फेरीत येनीचा डावा हात कमरेवर गेला. पाचव्या फेरीत तिने तो काढला. मावशी एप्रनमध्येच रेषेजवळ उभी राहून ओरडत होती, "चल गं माझी पोर, चल, चल!" सहाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा येनीने मान वर करून फळ्याकडे पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं, आणि शेवटच्या वळणावर ती खरोखरच वेगात धावली. नोएमीला आपल्या डोक्यातले आकडे बंद करता येईनात. ती येनी जिंकावी म्हणून मोजत होती. आपण तसंच मोजतो आहोत ना, हेही ती मोजत होती.

येनीने रेषा ओलांडली. लेफ्टनंटनी घड्याळ थांबवलं, ते दोन्ही शिपायांना दाखवलं, मग येनीला दाखवलं, आणि कागदावर लिहिलं: अंतर दोन हजार चारशे मीटर, फेऱ्या सहा, वेळ बारा मिनिटे चार सेकंद.