रुपरावांचे तीन प्रश्न

जी विद्या आपण शिकलो नाही, तिची योग्यता ठरवण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोचतो, हा प्रश्न वडीलधाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा. दुर्दैवाने तो बहुधा निर्णय देऊन झाल्यावरच सुचतो.

मधुसूदनपंतांचा निर्णय तर ठरलेलाच होता. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या या वृद्धाकडे रुपराव शनिवारी आपल्या मुलीची तक्रार घेऊन येऊन गेले होते. पूर्वी ते करवती काठाच्या साड्या विणत. आता सीताबर्डीच्या दुकानात कापड मोजून देत.

"गुरुजी, रोशनीले सरकारी कचेरीत नोकरी लागून राहिली. अन् ते म्हणते, पेरू देशात जाऊन विणकाम शिकतो! कोष्ट्याच्या पोरीनं विणकाम शिकाले समुद्र ओलांडावा? तुमचं ऐकते ते. समजावा."

सोमवारी होकार कोणाला कळवायचा, कचेरीला की पेरूतल्या लिमाच्या विद्यापीठाला, एवढाच प्रश्न उरला होता. वडिलांच्या संमतीवाचून रोशनी जाणार नव्हती. ती पंतांची लाडकी विद्यार्थिनी. दोन वर्षांपूर्वी संस्कृत सोडून तिने स्पॅनिश धरली, याची सल त्यांच्या मनात होतीच. उपदेशाची वाक्ये जुळवून रविवारी सकाळी ते तिच्या घरी गेले.

रोशनी संगणकासमोर बसली होती. पडद्यावर पेरूतील एक विणकर बाई विणता विणता तिच्याशी बोलत होत्या.

"बसा गुरुजी. तिकडचे सगळे वर्ग स्पॅनिशमध्ये असतात, जुन्या कापडांच्या नोंदीही. पुढे संग्रहालयात काम मिळेल, शिकवताही येईल," ती हळूच म्हणाली.

पंत घसा साफ करणार, तोच पाठीमागून रुपरावांचा आवाज आला.

"काय वं, ते बाई माग कमरेले बांधून विणते? कंबर नाही दुखत तिले? विचार बरं."

रोशनीने विचारले. बाई खळखळून हसल्या.

"दुखते म्हणतात. थंडीत जास्त."

"मंग! आमचे पाय दुखत, तिची कंबर," रुपराव पुढे सरकले. "काठाचा आडवा धागा न्याले धोटा वेगळा घेते का एकच?"

"एकच, बाबा."

"एकच? अन् मंग काठाचा रंग कापडाच्या अंगात काहून नाही उतरत?"

बाई बोटांनी धागे उचलून दाखवत बराच वेळ बोलल्या. रोशनी गोंधळली.

"उभ्या धाग्यांचं काहीतरी सांगतात. पुढचं नाही समजलं."

"अर्धंच काहून समजलं? दोन वर्षं काय करून राहिली होती तू?"

"रोजच्या बोलण्यापुरती भाषा येते बाबा. मागावरची यायला तिथं बसावं लागते."

रुपरावांची बोटे नसलेले धागे हवेत उचलत होती.

"मंग बस तिथं," ते शेवटी म्हणाले. "पण पुरतं समजून ये. अर्धवट सांगशील तर घरात घेणार नाही."

मग ते ओशाळून पंतांकडे वळले. "गुरुजी, तुमाले उगाच तरास देला."

पंतांना जुळवलेले एकही वाक्य आठवेना, आणि त्याचे दुःखही वाटेना. नमस्काराला वाकलेल्या रोशनीच्या मस्तकावर त्यांनी हात ठेवला.

"बाळ, तुला पुरते समजो. आणि ते तुझ्या तोंडून ऐकायला तुझ्या वडिलांना उदंड आयुष्य लाभो."