टाकीतली मंडळी

काचेचं नळकांडं सांडपाण्याच्या टाकीत बुडवून तिनं वर काढलं आणि नाकाशी नेलं. एरवी ओल्या मातीसारखा वास यायचा. आज ब्लीचिंग पावडरचा झणका आला.

“काका, आत येणारं पाणी बंद करा! आधी व्हॉल्व्ह, मग काय ते विचारा!”

फिटरकाकांनी चाक गरागरा फिरवलं. गावाचं सांडपाणी शेजारच्या रिकाम्या टाकीकडे वळलं. ती भरेपर्यंत काय तेवढी सवड.

या टाकीतले डोळ्यांना न दिसणारे जीव गावाची घाण खाऊन पाणी निवळ करत. तान्ह्या बाळाला जपावं तसं तिनं त्यांना वाढवलं होतं. दुपारी अधिकारी शेवटचा नमुना बघायला येणार होते. पाणी पसंत पडलं की किनाऱ्यावरची बंदी उठणार, मुलं समुद्रात उतरणार. आणि हे जीवच मेले तर सगळंच मुसळ केरात.

“सगळ्या गावानं मिळून मोऱ्या धुतलेल्या दिसतायत,” काका म्हणाले.

ती धावत सुटली. गल्लीत दारोदार बादल्या आणि ब्रश. तिच्या घरी सासूबाई बाह्या सरसावून मोरीत पांढरं पाणी ओतायच्या बेतात होत्या.

“आई, थांबा! ओतू नका!”

“का गं? तुझ्याकडे आज मोठी माणसं यायची, त्यांच्यापुढे आपली घाण मांडायची? घरोघरी जाऊन सांगून आलेय मी, आज मोरीतून जाईल ते लख्ख जाऊ दे. माझ्या सुनेची मान खाली जायला नको.”

याच सासूबाई तिला रोज मागच्या दारानं आत घेत. तिचा कामाचा कोट कुंपणावर, घरच्या कपड्यांपासून लांब वाळत असे.

“आई, आम्हाला घाणच हवी असते. टाकीतली मंडळी तिच्यावरच जगतात. ब्लीचनं मरतात ती.”

“अगं बाई! म्हणजे मी...” बादली खाली आली. दुसऱ्या क्षणी सासूबाई गल्लीच्या मधोमध उभ्या होत्या. एरवी शेजारच्या खोलीत ऐकू न जाणारा त्यांचा आवाज आज पार टोकाच्या घरापर्यंत गेला. “बायांनो, हात आवरा! एक थेंब ओतू नका!”

मग त्या सुनेमागोमाग प्लँटवर आल्याच.

तिनं थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. काहीच हलेना. मग त्या जीवांपैकी एक, देठावरची इवलीशी घंटाच जणू, आक्रसली, पुन्हा उलगडली. तिच्या शेजारी दुसरी. तिसरी!

“आहेत! काका, आहेत! जिवंत आहेत सगळी!”

सासूबाईंनी डोळा लावला. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. त्यांचे हात नकळत जुळले होते.

“काय लगबग चाललीय गं यांची,” त्या हळूच म्हणाल्या. “उपाशी तर नाहीत ना?”

दुपारी अधिकाऱ्यांनी बाटली खिडकीपाशी धरली, तर पलीकडची होडी आरपार दिसली. किनाऱ्यावरचा बंदीचा दोर सुटला मात्र, सगळी पोरं किंचाळत पाण्यात. फिटरकाकाही, बुटांसकट!

संध्याकाळी ती भिजल्या कोटानिशी घरी आली आणि सवयीनं मागे वळली. मागच्या दाराला आतून कडी होती. तिनं हलकेच थाप मारली.

“कोण आहे?” आतून आवाज आला. “पुढचं दार काय झोपलंय का?”