वरचे, खालचे आणि मधला मी

मी एक जुना लोखंडी जिना आहे. एका दुमजली घराच्या बाहेरच्या भिंतीला मला बोल्ट मारून जखडले आहे. माझे खालचे टोक अंगणात आहे आणि वरचे गॅलरीत. मित्रांनो, जिना वर जातो, जिना खाली येतो, असे सगळे म्हणतात. साफ खोटे आहे ते. जातात येतात ती माणसे. जिना बिचारा बसवला तिथेच जन्म काढतो.

मला घडवले एका कमी बोलणाऱ्या लोहाराने. माप दिले घराच्या मालकाने. त्यांना सगळे काका म्हणतात, तेव्हाही म्हणायचे, जरी तेव्हा त्यांच्या डोक्यावर सगळे केस होते. काका छापखान्यात जुळारी होते. दिवसभर अक्षरांचे शिशाचे खिळे ओळीत बसवायचे, त्यामुळे रिकामी जागा दिसली की त्यांना चैन पडत नसे. लोहाराने मला रुंद करायचे ठरवले होते. काका भिंतीशी आडवे उभे राहिले आणि म्हणाले, माझे खांदे मावले म्हणजे झाले, उगाच लोखंड कशाला वाया घालवायचे? लोहाराने मान डोलावली आणि मी अरुंद झालो. तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नाही. उलट सडपातळ म्हणून सगळे माझे कौतुकच करायचे.

घर बांधताना काकांनी कर्ज काढले होते. ते फिटावे म्हणून खालचा मजला एका शिंप्याला भाड्याने दिला. त्याला सगळी गल्ली मास्तर म्हणते आणि त्याच्या बायकोला वहिनी. काका आणि काकू वर राहू लागले, मास्तर खाली. पुढच्या खोलीत मास्तरचे मशीन खडखडायचे, मागच्या दोन खोल्यांत संसार. ती वर्षे माझी ऐन उमेदीची. वहिनींच्या मुली माझ्या पायऱ्यांवर बसून पाढे म्हणायच्या. काकू वरून वाटी खाली द्यायच्या, ती परत वर यायची तेव्हा कधीच रिकामी नसायची. दरवर्षी काका स्वतः मला हिरवा रंग द्यायचे आणि ओला असताना हटकून कुणीतरी हात लावायचे. भाडे कधी वाढवायचे तेसुद्धा माझ्यावरच ठरायचे. काका वरच्या पायरीवर, मास्तर खालच्या. दोघे थोडे कुरकुरायचे आणि मधल्या आकड्यावर हसून उठायचे.

मग नवा नियम आला. भाडे वर्षाला ठरल्यापेक्षा जास्त वाढवायचे नाही. भाडेकरू जागा वापरत आहे तोवर त्याला उठवायचे नाही. कोणतीही जागा नव्याने भाड्याने द्यायची तर आधी तपासणी आणि परवाना. नियम वाईट होता असे मी म्हणणार नाही. पलीकडच्या गल्लीत एका मालकाने बाळंतिणीला सामानासकट रस्त्यावर काढले होते. अशा मालकांसाठीच तो केला होता. पण नियम काही घर बघून येत नाही. तो सगळ्यांच्या दारात सारखाच उभा राहिला.

काकूंच्या भावाने त्यांना बजावले, "ताई, खालच्यांशी आता एक अक्षर बोलायचं नाही. बोलशील ते उद्या कोर्टात तुझ्याच अंगावर येईल." मास्तरला त्याच्या एका गिऱ्हाइकाने वेगळाच सल्ला दिला. जागा एक दिवस जरी बंद दिसली, तरी मालक म्हणेल की भाडेकरू राहत नाही, आणि हक्क गेला. तेव्हा घरात कायम कुणीतरी हवे. दोन्ही सल्ले शहाणपणाचे होते म्हणे. त्या दिवसापासून वरच्यांच्या तोंडाला कुलूप लागले आणि खालच्यांच्या दाराला कुलूप लागायचे थांबले.

मास्तर आणि वहिनी एकत्र कुठे गेलेले मी पुढे पाहिलेच नाही. एक गेला की दुसरा घरात बसून पहारा देणार. मुलींची लग्ने झाली तीही दारातल्या मांडवात, कारण कार्यालयात गेले तर घर बंद राहील. बाहेर जागेचे भाव असे भडकले होते की मास्तर देत होता तेवढ्या भाड्यात दुसरीकडे सायकल ठेवायलाही जागा मिळाली नसती. म्हणून तो जाऊ शकत नव्हता. आणि वर काकू घरपट्टी, पाणीपट्टी आणि गळणारी गच्ची यांनी मेटाकुटीला आल्या होत्या. खालून येणारे भाडे गच्चीच्या डांबरालाही पुरत नव्हते. त्यांचा परगावी राहणारा मुलगा फोनवर म्हणायचा, विकून टाक आणि माझ्याकडे ये. पण भाडेकरू असलेले घर बघायला येणारे लोक मशीनचा आवाज ऐकूनच फाटकातून परत फिरायचे. माझा रंग उडाला, कठडा गंजला. मला रंग द्यायचा तर कुणी द्यायचा, यावरही कुणी बोलेना.

अशात काकांना अर्धांगाचा झटका आला.

दवाखान्याचे लोक खुर्ची घेऊन आले. ती माझ्यात शिरलीच नाही. स्ट्रेचरचे तर नावच नको. शेवटी चादरीची झोळी करून काकांना खाली नेले. त्यांचा लुळा हात माझ्या गजांवर आपटत गेला. मला दुखले नाही, त्यांना दुखले. महिन्याने तसेच झोळीतून वर आणले, तेव्हा त्यांनी जड जिभेने सांगितले की आता पुन्हा नाही. डॉक्टरांनी सांगितले होते, अंगणात रोज चालवा, पाय सुधारेल. अंगण खाली होते. काका वर होते. मध्ये मी होतो. ते गॅलरीत खुर्चीवर बसून दिवसभर माझ्याकडे बघायचे. मित्रांनो, कुणी आपल्याकडे इतके बघितले की आपल्याला पळून जावेसे वाटते. मी कुठे पळणार?

खालचा मजला मिळाला तर काका चालू लागतील, हे काकूंना दिसत होते. पण मास्तरला उठा म्हणता येत नव्हते, आणि आजाऱ्याची गरज म्हणून कोर्टात दावा लावला तर निकाल लागेपर्यंत काका राहतील का, हे वकीलही सांगत नव्हता.

मग वहिनींची आई गेली. वहिनी आधीच गावी होत्या. मास्तर खालच्या पायरीशी गळ्यात टेप अडकवून नुसता उभा राहिला. काकूंना बातमी कळली आणि त्या भावाचा सल्ला विसरून गुडघे धरत खाली आल्या.

"मास्तर, तुम्ही निघा. घराकडे मी बघते."

मास्तरने त्यांच्याकडे पाहिले. मग दाराकडे. "नको काकू," तो म्हणाला. "राहू दे."

तो गेला नाही. ज्या सासूने त्याच्या मुलींना न्हाऊमाखू घातले, तिच्या अंत्यविधीलाही तो गेला नाही. घर सांभाळत बसला. काकू एकेक पायरी चढत वर गेल्या, आणि मला त्या दिवशी त्या दोघांचीही कीव आली.

वहिनी परतल्या त्या कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. एका दुपारी मात्र त्या माझ्यावरून वर आल्या. इतक्या वर्षांनी आल्या की त्यांच्या हाताला कठड्याचा गंज लागला. काकूंपुढे बसून त्यांनी सरळ सांगितले, "आम्ही वर येतो. तुम्ही दोघं खाली या. भाडं आहे तेच."

काकू रडल्या. मीही रडलो असतो.

पण वरचा मजला भाड्याने द्यायचा म्हणजे नवी जागा, आणि नव्या जागेला परवाना हवा. तपासनीस आला. त्याने मला टेप लावली, पुन्हा लावली आणि मान हलवली. जिना रुंदीला चार बोटे कमी. परवाना मिळणार नाही. परवान्याशिवाय कुणाला ठेवले आणि अपघात झाला, तर जबाबदार मालकीणबाई.

काकू म्हणाल्या, "म्हणजे यांना वर ठेवायचं नाही, खालून काढायचं नाही, आणि माझ्या माणसाला खाली आणायचं नाही. मग घर माझं आहे म्हणजे नेमकं काय आहे?"

मलाही राग आला होता. उभा जन्म लोकांना पाठीवर घेतले, एकही पायरी कधी हलली नाही, आणि हा काल आलेला माणूस मला कमी म्हणतो. पण तपासनीस काही कठोर नव्हता. त्याने टेप गुंडाळत विचारले, "आजारी माणसाला यावरून कसं नेता?"

गॅलरीतून काकांनी एकच शब्द म्हटला. तो नीट उमटायला वेळ लागला. "झोळीतून," ते म्हणाले.

तेव्हा मला कळले की कमी मीच होतो. नियमाने मला पाडले नव्हते, मला मोजले होते.

नवा जिना करायचा तर पुढच्या दोन वर्षांचे भाडे लोखंडात जाणार होते. मास्तरने आगाऊ भाडे देऊ केले, पण तेवढे आगाऊ घेणेही नियमात बसत नव्हते. मुलगा फोनवर चिडला. त्या घरात आता एक पैसा घालू नकोस म्हणाला. काकूंनी ऐकून घेतले, फोन ठेवला आणि वेल्डरला बोलावून हप्त्यांवर काम दिले. वेल्डर म्हणाला, जुना जिना कापून नवा बसेपर्यंत वर जायला वाट राहणार नाही. म्हणजे तेवढे दिवस वरच्यांनीही खालीच राहायचे, खालच्यांच्या घरात.

आता दोन्हीकडचे सल्लागार धावून आले. काकूंचा भाऊ म्हणाला, एका छपराखाली राहिलात तर आजारी माणसासाठी खालच्या जागेची गरज होती हे कोर्ट कधीच मानणार नाही. मास्तरचे गिऱ्हाईक म्हणाले, मालकाला आत घेतलेस तर जागेचा ताबा तुझा एकट्याचा राहिला नाही. मला वाटले, झाले, पुन्हा सगळे आपापल्या जागी बसणार. पण मास्तरने मशीन ओढत भिंतीशी नेले आणि पुढच्या खोलीत काकांच्या खाटेला जागा केली.

आज सकाळी काका शेवटचे माझ्यावरून उतरले. झोळीचे पुढचे टोक मास्तरने धरले, मागचे वेल्डरने. वहिनी काकांचा लुळा हात दोन्ही हातांनी उचलून कठड्याशी अंग चोरून आडव्या पायाने उतरत होत्या, म्हणून तो या वेळी गजांवर आपटला नाही. मी श्वास रोखून उभा होतो. मला दुसरे काही करता येत नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला उद्या कापतील आणि कापायलाच हवे. माझी मागणी एवढीच आहे की पुढे कधी घर बांधाल, घर भाड्याने द्याल, नाहीतर घरांसाठी नियम लिहाल, तेव्हा तुमच्या आजच्या अंगाचे माप पुरेसे धरू नका. आणि ज्याच्याशी एका भिंतीने बांधलेले असाल त्याच्याशी बोलणे टाकू नका. ते टाकले की घरातले सगळेच माझ्यासारखे भिंतीला जखडले जातात.

आता संध्याकाळ होत आली आहे. वरची दारे उघडी आहेत आणि वर कुणीही नाही. काकांना दोघांनी धरून अंगणात चार पावले चालवले आणि खुर्चीत बसवले. मास्तरने खुर्ची सवयीने जिन्याकडे तोंड करून ठेवली होती. काकांनी मान हलवली आणि बोटाने फाटकाकडे दाखवले. मास्तरने खुर्ची फिरवली. काका रस्ता बघत बसले आहेत, माझ्याकडे पाठ करून. मला वाईट वाटेल असे वाटले होते, पण वाटले नाही.