घमेल्याचा टवका

मित्रांनो, मी एक जुनं तामचिनीचं घमेलं आहे. बोरीच्या दवाखान्याच्या खिडकीत उताणं पडून असतं. कुणी पाणी घातलं की आभाळ माझ्यात उतरतं, ढग काठाकाठानं निघून जातात आणि मला डुलकी लागते. डुलकीत जुने दिवस दिसतात.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मी नवंकोरं इथे आलं. काय माझा तोरा! पांढरंशुभ्र अंग, निळा काठ. पण आठच दिवसांत शिपायाच्या हातून पायरीवर आपटलं आणि आतल्या बाजूनं, काठाखाली दोन बोटांवर, टवका उडाला. "द्या भंगारात," कंपाउंडर म्हणाला. मला रडूच आलं. नर्स अनसूयाबाई हसून म्हणाल्या, "राहू द्या हो. बाळंतिणीला त्याचं रूप थोडंच बघायचंय?"

एखादीचे दिवस भरत आले की बाई मला तिच्या घरी ठेवून येत. रक्तानं भिजलेल्या चिंध्या माझ्यात पिळायच्या आणि बाई येईपर्यंत काही सांडायचं नाही, एवढाच नियम. रक्त किती गेलं, ते त्या माझ्यात बघून ठरवत.

एका दुपारी म्हाळसाबाईंची सून केवळा बाळंत झाली. बाई झरी गावाला अडकल्या होत्या. चिंध्यांवर चिंध्या पिळल्या गेल्या. ऊन रक्त चढत चढत माझ्या टवक्याला टेकलं. मी पार घाबरलं. म्हाळसाबाई तर माझ्याहून घाबरल्या. एवढं रक्त बघून सून हाय खाईल, म्हणून त्यांनी मला परसातल्या खड्ड्यात रिकामं केलं, वर राख लोटली आणि मला राखेनं लख्ख घासलं.

तासाभरानं बाई आल्या. "किती गेलं?"

"लय न्हाई बाई. वाटीभर."

केवळाचे ओठ पांढरे पडले होते. खोटं आहे, खोटं आहे, असं मी किती ओरडलं! पण घमेल्याचं कोण ऐकतं?

बाईंनी आधी केवळाला सुई दिली. मग मला उजेडात धरून गंजलेला टवका ओल्या कापसानं पुसला. कापूस लाल झाला.

"आत्या, गंज असा लालभडक नसतो. इथवर भरलं होतं ना?"

म्हाळसाबाईंनी परसातल्या राखेकडे बोट केलं. "व्हय बाई. पोरगी भिऊन मरंल वाटलं मला."

केवळाचं पोट चोळता चोळता बाईंनी त्यांना औषधाच्या मोठ्या बाटलीनं माझ्यात टवक्यापर्यंत पाणी ओतायला लावलं. एक, दोन, तीन.

"एका बाटलीइतकं रक्त गेलं तर निभावतं, आत्या. तीन गेल्यात. गाडी जुंपा!"

बैलगाडीनं सडकेपर्यंत आणि मोटारीनं परभणीला. ते सगळे दिवस मी त्या परसात कोरडं पडून केवळाची वाट बघत होतं. विसाव्या दिवशी ती बाळाला घेऊन आली, आपल्या पायांनी चालत. म्हाळसाबाईंनी आधी तिची दृष्ट काढली, मग माझी!

पुढच्या साली शेजारी बाळंतपण होतं. कुणीतरी मला ओतायला उचलू लागलं, तर म्हाळसाबाई माझ्या काठावर हात ठेवून बसल्या. "बाईनं बघितल्याबिगर थेंब सांडायचा न्हाई," म्हणाल्या.

मित्रांनो, आता माझा रंग उडालाय. कुणाला दया आली तर मला खुशाल रंगवा. तेवढा टवका मात्र तसाच राहू द्या.