एकसष्टीचं भाषण

कचरूभाऊंचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा माझे गुडघे शाबूत होते. आता नऊ वर्षं झाली. कचरूभाऊ मोठे लेखक, त्यांच्या पुस्तकांवर पोरं पीएचडी करतात. माझे चार कथासंग्रह, आणि चारही रद्दीत सहज मिळतात. पण मैत्री चाळीस वर्षांची. त्यामुळे त्यांच्यावर लिहायचं तर मीच, हे न बोलताच ठरलेलं. प्रत्येक प्रकरण छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं, एवढी एकच अट.

परवा शनिवार पेठेत दोन रिक्षावाल्यांचा नकार पचवून तिसऱ्याच्या रिक्षानं विश्रांतवाडीला पोचलो. एकच प्रकरण उरलं होतं, मॅट्रिकच्या परीक्षेचं. त्यांच्या पत्नीनं, ललितावहिनींनी, चहा आणला. मी वाचायला सुरुवात केली.

"परीक्षेच्या दिवशी कचरू एकटाच गेला. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली होती."

"चुकलं," कचरूभाऊ म्हणाले. "आई आली होती. शाळेच्या फाटकाशी तीन तास उन्हात उभी होती. पदराखाली भाकरी घेऊन."

ही भाकरी माझी होती. एकवीस वर्षांपूर्वी त्यांच्या एकसष्टीच्या सत्कारात मी भाषण केलं. पुण्यात सत्काराच्या भाषणात आई आली नाही, तर ते भाषण झालं असं कोणी मानत नाही. मी त्यांच्या आईला कामावरून उचललं आणि फाटकाशी आणून उभं केलं. सभागृहात रुमाल निघाले. व्यासपीठावरून उतरताना भाऊ हळूच म्हणाले होते, "आई कुठं आली होती हो?" मी म्हटलं, "असू द्या, भाषणात चालतं." तेही हसले. मग पुढच्या प्रत्येक सत्कारात प्रत्येक वक्त्यानं तीच आई उभी केली, आणि भाऊ पहिल्या रांगेत बसून ऐकत राहिले.

गप्प बसून पान उलटता आलं असतं. खरं सांगतो, मी थकलो होतो, आणि मोह झालाही. पण नऊ वर्षं कशासाठी घासली मग?

"भाऊ, ते मी रचलं होतं. एकसष्टीला."

त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"भाऊजींचं बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "लग्नानंतर तुम्हीच मला सांगितलं होतं, एकटा गेलो म्हणून."

"म्हणजे माझ्याबरोबर कोणीच नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणालो. मला माझीच लाज वाटली.

ब्याऐंशी वर्षांचा माणूस चहाच्या कपाकडे बघत बसला. चहावर साय धरली.

"अहो श्यामसुंदर, एवढी वर्षं ती माझ्यासाठी उभी होती. आता पुन्हा खडी फोडायला पाठवता तिला?"

"तुम्ही म्हणाल तसं करू," एवढंच म्हणालो.

"खरं तेच छापा," ते म्हणाले, आणि भिंतीला धरून आत गेले.

आई वारली तेव्हा रडू आलं नाही, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. ते मी लिहिलंही आहे. आता आतल्या खोलीतून त्यांचं रडणं ऐकू येत होतं. मी उठून आत जायला निघालो, तर वहिनी दारात उभ्या राहिल्या.

"नको, भाऊजी. तुम्ही घरी जा."